आधी आकडे, मग चिन्ह

(दृश्य: अंधारात एक जुना खिशातला कॅल्क्युलेटर. पडद्यावर लाल आकडे पेटतात.)

१९७२ साली ह्यूलेट-पॅकार्ड (एचपी) या कंपनीने एक कॅल्क्युलेटर बाजारात आणला. शर्टाच्या खिशात मावणारा, साइन, कोसाइन, लॉगरिदम चुटकीसरशी काढणारा. किंमत ३९५ डॉलर. कळा पस्तीस, म्हणून नाव एचपी-३५.

त्या पस्तीस कळांत बरोबरची (=) कळ नव्हती.

कंसांच्याही नव्हत्या. होती ती एक रुंद, ठसठशीत कळ: एंटर. हे यंत्र पहिल्यांदा हातात घेणारा माणूस सवयीने ७ दाबतो, अधिक दाबतो, ५ दाबतो, आणि मग त्याचं बोट बरोबरचं चिन्ह शोधत कळांवर भिरभिरत राहतं. पडद्यावर ५ तसाच. यंत्र बिघडलेलं नसतं. अधिकची आज्ञा त्याने केव्हाच पाळलेली असते. त्या क्षणी त्याच्याजवळ एकटा ७ होता, त्यात शून्य मिळवून ते मोकळं झालं.

त्याला हवं होतं ते असं: ७, एंटर, ५, अधिक. अधिकवर बोट टेकलं की १२.

आधी आकडे, मग चिन्ह. या लिहिण्याला पोस्टफिक्स म्हणतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे उलटं वाटतं. मला मात्र वाटतं, मराठी बोलणाऱ्याला ते उलटं वाटायचं काही कारण नाही. आपण गणित लिहितो एका पद्धतीने आणि सांगतो दुसऱ्याच. लिहिताना ७ + ५. सांगताना? 'सात आणि पाच यांची बेरीज कर. नवातून तीन वजा कर. मग दोन्ही उत्तरांचा गुणाकार कर.' क्रियापद दर वेळी शेवटी. या वाक्यांतून आकडे आणि क्रिया तेवढ्या ठेवा, बाकी सगळं गाळा. काय उरतं?

सात, पाच, बेरीज, नऊ, तीन, वजाबाकी, गुणाकार.

(दृश्य: पडद्यावर एकेक चिन्ह उमटतं: ७ ५ + ९ ३ − ×)

हेच ते. आणि यात एकही कंस नाही.

शाळेच्या वहीत हीच पदावली आपण अशी लिहू: (७ + ५) × (९ − ३). उत्तर ७२. कंस पुसून टाका, आकडे आणि चिन्हं तशीच ठेवा, आणि उत्तर होतं ४९. कारण आता कंचेभागुबेवचा नियम लागतो: आधी गुणाकार, पाच नव्वे पंचेचाळीस, मग त्यात ७ मिळवा, ३ काढा. माणसाचा डोळा हे सहज करतो. तो ओळीवर पुढेमागे उड्या मारतो, कंस हेरतो, गुणाकाराचं चिन्ह लांबून ओळखतो. यंत्राला उड्या मारता येत नाहीत. ते डावीकडून उजवीकडे एकेक खूण वाचत जातं. '७ + ५' इथवर वाचून झालं, आता बेरीज करायची की थांबायचं? पुढे गुणाकार असला तर थांबावं लागेल. कंस मिटला तर करून टाकावी लागेल. म्हणजे हातातलं काम पुढच्या खुणेवर अडून बसतं.

पोस्टफिक्समध्ये ही अडवणूक नाही. चिन्ह दिसलं की क्रिया करायची. आत्ताच, तिथल्या तिथे. फक्त एक प्रश्न उरतो: चिन्ह येईपर्यंत आकड्यांनी थांबायचं कुठे?

(दृश्य: रिकाम्या जागेवर लाकडी ठोकळ्यांची चळत रचली जाते.)

थांबायच्या त्या जागेला स्टॅक म्हणतात. आपला जुना शब्द आहे चळत. एकावर एक ठेवलेल्या वस्तू. नवी वस्तू ठेवायची ती वर, काढायची तीही वरूनच. मधली ओढायची मुभा नाही. ठेवण्याला पुश, काढण्याला पॉप. सगळा कायदा एवढाच.

आता यंत्राच्या जागी बसून वाचू.

७ आला, ठेवला. ५ आला, सातावर ठेवला. + आलं: वरचे दोन काढले, बेरीज केली, १२ परत ठेवला. ९ आला, बारावर ठेवला. ३ आला, नवावर. आता चळतीत खालून वर १२, ९, ३. मग − आलं: ३ आणि ९ काढले, नवातून तीन गेले, राहिले ६, ते ठेवले. खाली १२ होताच, त्याला कुणी हात लावला नव्हता. शेवटी × आलं: १२ आणि ६ काढले, ७२ ठेवला. ओळ संपली. चळतीवर एकच आकडा. तेच उत्तर.

इथे जरा थांबावंसं वाटतं, कारण बहुतेक जण ही कृती पाठ करतात आणि पुढे जातात. ती चुकत का नाही? × हे चिन्ह ओळीत अगदी शेवटी आहे. त्याला हवे असलेले दोन आकडे ओळीत त्याच्या शेजारी नाहीतच. शेजारी तर − आहे. मग चळतीच्या माथ्यावर नेमके तेच दोन कसे सापडले?

गोम अशी आहे. पदावलीचा कुठलाही पूर्ण तुकडा घ्या, म्हणजे '७ ५ +' किंवा '९ ३ −', किंवा याच्या शंभरपट लांब. तो तुकडा वाचून होईपर्यंत चळत कितीही वर चढो, वाचून झाला की ती मूळ उंचीपेक्षा बरोबर एकाच आकड्याने वाढलेली असते. आणि त्या तुकड्याच्या आधी खाली जे होतं ते जसंच्या तसं राहतं. '९ ३ −' चालू असताना खालचा १२ गप्प पडून होता, तो याच अर्थाने. त्यामुळे वहीतल्या लिहिण्यात चिन्हाच्या डाव्या बाजूला येणारा तुकडा कितीही मोठा असो, त्याचा झालाय एक आकडा. उजव्या बाजूच्या तुकड्याचाही एक. आणि ते दोघे एकमेकांवर, माथ्यावर. चिन्हाला काही शोधावं लागत नाही.

कंस हेच काम करतात. 'हा तुकडा आधी पुरा कर' एवढंच ते सांगतात. पोस्टफिक्समध्ये तुकडा कुठे पुरा झाला हे चिन्हाच्या जागेवरूनच कळतं, म्हणून त्यांची गरज पडत नाही.

(दृश्य: पाटीवर ९ ३ −. खडू तीनावर थांबतो.)

आता फसगतीची जागा. चळतीतून आधी बाहेर येतो तो शेवटी गेलेला. म्हणजे ९ ३ − मध्ये पहिल्यांदा हातात येतो ३, आणि तो आहे उजवीकडचा. दुसऱ्यांदा येतो ९, तो डावीकडचा. वजाबाकी करायची ती दुसऱ्यातून पहिला. बेरजेत, गुणाकारात याने फरक पडत नाही, आणि घात होतो तो त्यामुळेच. मी लिहिलेला या कृतीचा पहिला प्रोग्राम बेरीज-गुणाकाराच्या सगळ्या चाचण्या पास झाला होता. मग वरची पदावली दिली. उत्तर आलं उणे ७२. आकडा बरोबर, चिन्ह उलटं. अर्धी दुपार मी उणे चिन्ह छापणारी ओळ तपासत होतो.

दोष होता 'पॉप वजा पॉप' असं एका ओळीत लिहिण्यात. जावा या प्रोग्रामिंग भाषेत अशी ओळ डावीकडून चालते, म्हणजे तीनातून नऊ जातात, दर वेळी चुकतं आणि निदान लवकर सापडतं. सी भाषेत दोनांपैकी कुठला पॉप आधी चालवायचा हे भाषेने ठरवूनच दिलेलं नाही. एका कंपायलरवर (प्रोग्रामचं यंत्राच्या आज्ञांत भाषांतर करतो तो) उत्तर बरोबर, दुसऱ्यावर उलटं. तेव्हा सरळ दोन ओळी कराव्यात: आधी उजवा काढा, मग डावा काढा, आणि तिसऱ्या ओळीत वजाबाकी. भागाकाराचंही तेच. ८ २ ÷ चं उत्तर ४. उलट केलंत तर पाव.

दुसरी खबरदारी अंतराची. '१२ ३ +' म्हणजे १५, '१ २३ +' म्हणजे २४. मधली मोकळी जागा काढून टाकली तर दोन्ही सारखेच दिसतात. कॅल्क्युलेटरवर एंटरची कळ होती ती याचसाठी: 'हा आकडा संपला, आता पुढचा' हे सांगायला. आणि उणे पाच लिहायचं असेल तर वजाबाकीचं चिन्ह चालत नाही, कारण ते दोन आकडे मागतं. त्यासाठी एचपी-३५ वर चिन्ह पालटणारी वेगळी कळ होती.

पदावलीच चुकीची असेल तर? ते ओळखायला गणित करण्याचीही गरज नाही. बोटांवर मोजा. आकडा आला की एक वाढवा, चिन्ह आलं की एक कमी करा. मोजणी वाटेत कुठेही एकाच्या खाली जाता कामा नये, आणि शेवटी बरोबर एकावर थांबली पाहिजे. '७ + ५' मध्ये अधिकपाशीच ती शून्यावर येते, तिथेच समजावं की चिन्हाला दुसरा आकडा मिळालेला नाही. '७ ५ + ९' मध्ये शेवटी दोन उरतात, म्हणजे एक आकडा बेवारस. आपली पदावली मोजली तर एक, दोन, एक, दोन, तीन, दोन, एक. ही मोजणी म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, चळतीची उंची आहे.

(दृश्य: जुना युरोपीय नकाशा. वॉर्सा, मग म्युनिक.)

हे सगळं सुरू झालं ते कॅल्क्युलेटरसाठी नव्हे, संगणकासाठीही नव्हे. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांना कंसांशिवाय सूत्रं लिहायची कल्पना सुचली १९२४ साली. त्याआधी, १९१९ मध्ये, ते काही काळ आपल्या देशाचे शिक्षणमंत्रीही होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ते डब्लिनला गेले आणि १९५६ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या पद्धतीत चिन्ह आधी येई, आकडे मागाहून: × + ७ ५ − ९ ३. तिला पोलिश पद्धत हे नाव पडलं. चिन्ह शेवटी नेलं की ती उलटी पोलिश. म्हणून पोस्टफिक्सचं दुसरं नाव रिव्हर्स पोलिश.

चळतीची गोष्ट वेगळी, आणि तिला एकच जनक नाही. ॲलन ट्यूरिंग यांनी १९४६ मध्ये सादर केलेल्या संगणकाच्या आराखड्यात परतीचे पत्ते, म्हणजे मधलं काम संपल्यावर परत कुठे यायचं त्या खुणा, 'गाडून ठेवणं' आणि 'उकरून काढणं' अशा दोन क्रिया होत्या. म्युनिकचे फ्रिड्रिख बावर आणि क्लाउस सामेल्सन यांनी १९५७ मध्ये सूत्रं सोडवणाऱ्या चळतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते तिला 'केलर' म्हणत, म्हणजे तळघर. बावर यांनी त्याआधी तर्कशास्त्राची सूत्रं तपासणाऱ्या एका रिले-यंत्राचा आराखडा केला होता आणि ती सूत्रं पोलिश पद्धतीने लिहिलेली असत, त्यामुळे दोन धागे एका हातात आले. १९८८ मध्ये बावर यांना या कामासाठी संगणकाच्या आद्य प्रवर्तकांचा पुरस्कार मिळाला, तेव्हा सामेल्सन हयात नव्हते. तिकडे ऑस्ट्रेलियात, सिडनीत, चार्ल्स हॅम्ब्लिन नावाच्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने त्याच १९५७ च्या सुमारास पोस्टफिक्स आणि चळत यांची सांगड घातली आणि ड्यूस संगणकासाठी जॉर्ज नावाची भाषाच त्यावर उभी केली.

माणूस मात्र कंसच लिहिणार. मग मधलं भाषांतर कुणी करायचं? त्याची सर्वांत प्रसिद्ध रीत एड्सगर डाइक्स्ट्रा यांची, १९६१ ची. नाव 'शंटिंग यार्ड', कारण ती रेल्वेच्या यार्डात डबे लावण्यासारखी चालते.

(दृश्य: सरळ रूळ, मधे बाजूला फुटलेला एक रूळ. डब्यांवर २ + ३ × ४.)

आकड्याचा डबा आला की तो थेट पुढे सोडायचा. चिन्हाचा डबा बाजूच्या रुळावर थांबवायचा. त्या रुळावर आधीच उभं असलेलं चिन्ह जास्त मानाचं (नियमाने आधी करायचं) किंवा बरोबरीचं असेल, तर त्याला आधी पुढे काढायचं. २ पुढे गेला. + थांबलं. ३ पुढे. × आलं, थांबलेलं + त्याहून कमी मानाचं, म्हणून ते तसंच राहतं आणि × त्याच्या पुढ्यात उभं राहतं. ४ पुढे. गाडी संपली, बाजूचा रूळ रिकामा करा: आधी ×, मग +. तयार झालं २ ३ ४ × +. उघडणारा कंस आला तर तो बाजूला थांबतो, मिटणारा आला की त्या कंसापर्यंतची चिन्हं बाहेर पडतात आणि दोन्ही कंस भंगारात जातात. बाजूचा रूळ म्हणजेही एक चळत. फरक इतकाच की इथे चिन्हं थांबतात, आणि सोडवताना आकडे थांबतात.

'किंवा बरोबरीचं' हे दोन शब्द सोडू नका. ८ − ३ − २ घ्या. बरोबरीच्या चिन्हाला आधी काढलं तर ८ ३ − २ −, उत्तर ३. न काढलं तर ८ ३ २ − −, उत्तर ७. घातांकाला मात्र उलट नियम, तिथे बरोबरीच्याला थांबू द्यायचं: दोनाचा घात तीन, त्या तीनाचा घात दोन, म्हणजे दोनाचा नववा घात, ५१२. वजाबाकीचा नियम तिथे लावला तर आठाचा वर्ग होतो, ६४.

(दृश्य: पुन्हा एचपी-३५. शेजारी चार खण, एकावर एक.)

आता परत त्या खिशातल्या यंत्राकडे. कागदावरची चळत हवी तेवढी चढते. एचपी-३५ मध्ये खण होते चार. पाचवा आकडा आला की सर्वांत तळचा निमूट नाहीसा. इशारा नाही, काही नाही.

करून पाहू. १ + (२ + (३ + (४ + ५))). उत्तर १५, हे कुणीही सांगेल. डावीकडून जसंच्या तसं भरा: १, २, ३, ४, आणि ५ येताच तळचा १ गळून पडला. खणांत राहिले २, ३, ४, ५. आता चार वेळा अधिक. पहिल्याने ९, दुसऱ्याने १२, तिसऱ्याने १४. चौथ्या अधिकला मिळवायला खरं तर काही उरायला नको. पण या चार खणांची रीत अशी की चळत खाली सरकली की तळच्या खणात तिथल्याच आकड्याची प्रत राहते. म्हणजे खाली दोनच दोन. चौथ्या अधिकने त्यातला एक २ उचलला. उत्तर १६.

एकाने चुकलेलं उत्तर हे हजाराने चुकलेल्या उत्तरापेक्षा वाईट. हजाराचा संशय तरी येतो.

उपाय सोपा आहे: आतून सुरुवात करा. ४, एंटर, ५, अधिक, ३, अधिक, २, अधिक, १, अधिक. दोनच खण पुरले. बेरजेऐवजी वजाबाकी असेल तर वरच्या दोघांची अदलाबदल करायला यंत्रावर कळ होतीच. मग चार खण कशाला लागतील? रशियाचे आंद्रेई येर्शोव यांनी १९५८ मध्येच यामागचा हिशेब मांडला होता. चिन्हाच्या दोन बाजूंना लागणारे खण असमान असतील तर जड बाजू आधी करा, तेवढेच खण पुरतात. दोन्ही बाजू सारख्याच जड असतील तरच एक जादा लागतो. एका आकड्याला एक खण, दोन आकड्यांच्या पदावलीला दोन. तीन खण लागायला किमान चार आकडे, चार खण लागायला किमान आठ. पाचवा खण हवाच म्हणायला पदावलीत किमान सोळा आकडे असावे लागतात, आणि तेही दर पायरीला समसमान वाटलेले. असं सूत्र रोजच्या कामात भेटणं कठीण. चार खण कंजूषपणाचे दिसतात, पण क्रम नीट निवडणाऱ्याला ते पुरून उरत.

कळांचाही हिशेब करून टाकू. (७ + ५) × (९ − ३) कंसवाल्या कॅल्क्युलेटरवर बारा दाबांत होतं, बरोबर धरून. एचपी-३५ वर नऊ. यंत्राचे भक्त ही बचत फार सांगतात. मला त्याहून मोलाचं वाटतं ते वेगळंच: वाटेत १२ दिसतात, मग ६ दिसतात. हिशेब मधे बिनसला तर तिथेच कळतं.

अशी यंत्रं आज फार थोड्यांच्या हातात आहेत. एचपी-१२सी हा १९८१ चा आर्थिक हिशेबांचा कॅल्क्युलेटर त्यातला सर्वांत चिवट. पण पोस्टफिक्स वापरणारे कमी झाले असं म्हणता येत नाही. छपाईसाठी बनलेल्या पोस्टस्क्रिप्ट भाषेत आधी दोन अंक लिहितात, मग 'तिथे जा' ही आज्ञा. चार्ल्स मूर यांची फोर्थ ही भाषा सगळीच अशी. आणि तुम्ही जावामध्ये नेहमीसारखे कंस घालून अ अधिक ब, गुणिले क वजा ड लिहिता, तेव्हा कंपायलर ते कंस काढून टाकतो. खाली उरतात सात आज्ञा.

(दृश्य: काळ्या पडद्यावर सात ओळी एकेक करून उमटतात. शेजारी चळत.)

अ ठेव. ब ठेव. बेरीज. क ठेव. ड ठेव. वजाबाकी.

अ सात, ब पाच, क नऊ, ड तीन. चळतीत आता खाली १२, वर ६.

सातवी आज्ञा, गुणाकार.

(दृश्य: चळतीवर एकच ठोकळा. त्यावर ७२.)